पिठाचा कोंबडा आणि डोंगरावरचा ड्रॅगन



मागच्या वेळी सांडग्यांवर लिहिलं तेव्हा बऱ्याच जणींचे फोन आले. या वेळचा विषय वाचून मात्र काही जणी म्हणतील, हिला झालंय तरी काय! विषय आहे व्हिडिओ गेम. माझं वय ६४. १९८१ ची बी.कॉम. नोकरी कधी केली नाही, पण आमच्या हळदीच्या अडत दुकानाची किर्द-खतावणी ३० वर्षं मीच लिहिली. मोबाइलवर भिशीचा हिशेब आणि हे लेख, एवढीच माझी यंत्रांशी ओळख. तरी गेल्या वर्षी आषाढापासून भाद्रपदापर्यंत रोज दिवेलागणीनंतर तासभर मी एका खेळासमोर बसत होते. त्या खेळातल्या काही जागा अजून डोळ्यांसमोर येतात, शिखरजीची वाट यावी तशा.

देवळात कुणी ना कुणी विचारतंच, "नातू दिवसभर गेम खेळतो हो, काय करावं?" उपाय माझ्याकडेही नाही. घडलं ते सांगते.

आमचे हे जानेवारीत गेले. फेब्रुवारीत नातवाची बारावीची परीक्षा होती. निकाल लागला तर गणितात नापास. पुण्यात घरी रोज वादावादी. मुलाचं म्हणणं, हा रात्र-रात्र गेम खेळत बसला, त्याचं हे फळ. नातू एक शब्द बोलेना. शेवटी जूनमध्ये त्याला माझ्याकडे सांगलीला पाठवलं. बॅगेत दोन जोड कपडे, लॅपटॉप आणि ते दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र. आल्या दिवशी त्यानं लॅपटॉपची वायर आमच्या टीव्हीला जोडली आणि ह्यांच्या आरामखुर्चीत बसून खेळायला लागला. मी काही बोलले नाही. घरात आवाज तरी होता.

मग चातुर्मास लागला. एके सकाळी महाराजांच्या प्रवचनात यशोधर राजाची कथा झाली. तुम्हाला माहीतच आहे. राजाला वाईट स्वप्न पडलं, आई म्हणाली देवीला बळी दे, राजा म्हणाला जीवहत्या करणार नाही. शेवटी आईच्या हट्टापायी पिठाचा कोंबडा करून तो कापला. कोंबडा पिठाचा, पण कापताना मनात भाव मारण्याचाच. त्यापायी माय-लेकरांना किती भव फिरावे लागले! ते डोक्यात घेऊन मी घरी आले, तर टीव्हीवर आमचा नातू बर्फाळ रानात एका हरणावर बाण सोडत होता. हरीण पडलं. त्यानं जवळ जाऊन त्याचं कातडं घेतलं.

मी तिथंच उभ्या-उभ्या त्याला पिठाच्या कोंबड्याची गोष्ट सांगितली. सगळी. नरकासकट.

तो म्हणाला, "म्हणजे आज्जी, मी पापी पण का?"

त्या "पण"मध्ये काय काय होतं, ते माझ्या उशिरा ध्यानात आलं. त्यानं वायर काढली, लॅपटॉप बंद केला आणि खोलीत जाऊन बसला. चार दिवस. सूर्यास्ताआधी जेवायला बाहेर यायचा, ताट धुऊन परत आत. पाचव्या दिवशी मीच दारावर टकटक केली. म्हटलं, "चल, लाव तो तुझा खेळ. मला पण बघायचंय."

खेळाचं नाव 'द एल्डर स्क्रोल्स फाइव्ह : स्कायरिम'. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीनं तो ११ नोव्हेंबर २०११ ला आणला. म्हणजे नातू तेव्हा तीन-चार वर्षांचा, ह्यांच्या खांद्यावर बसून देवळात जायचा. इतका जुना खेळ तू का खेळतोस, असं विचारलं, तर म्हणाला, लोक अजून खेळतात, त्यातून बाहेर पडवतच नाही. मला नवल वाटलं. आमच्या घरात १४ वर्षांपूर्वीचा मिक्सर सोडला तर तेवढं काही टिकलेलं नाही.

स्कायरिम हा एक काल्पनिक, थंड, डोंगराळ प्रांत. सुरुवातीला तुम्ही हात बांधलेले कैदी असता, बैलगाडीत नव्हे, घोडागाडीत. कुठले, कोण, गुन्हा काय, काही सांगत नाहीत. वधस्तंभापाशी शिपाई यादी बघतो, तर तुमचं नाव यादीतच नाही. तरी अधिकारी बाई म्हणते, यादी राहू दे, ह्याला पण पाठवा. (वही न बघता शिक्षा! माझा जीव तिथंच खवळला.) इतक्यात आकाशातून ड्रॅगन येतो, धावपळ होते, तुम्ही सुटता. आणि मग खेळ तुम्हाला सोडूनच देतो. कुठं जायचं ते सुचवतो, पण अडवत नाही. दिसतो तो डोंगर चढता येतो, दिसतं ते दार बहुतेक उघडता येतं. जग बुडवायला निघालेला ड्रॅगन तिकडे वाट बघत असतो आणि तुम्ही इकडे महिनाभर कुणाच्या शेतातला कोबी काढून द्यायला मोकळे. ही खोट म्हणायची की मोठेपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बघायला बसायचं, पण माझ्या अटी होत्या. मी त्याला गृहस्थाच्या चार प्रकारच्या हिंसा सांगितल्या. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. स्वयंपाक-झाडलोट यातली आरंभी, शेती-धंद्यातली उद्योगी, अंगावर आलेल्याला अडवताना होते ती विरोधी. गृहस्थाला या पूर्ण सुटत नाहीत. पण मारायचं असं ठरवून मारणं, ती संकल्पी. ती गृहस्थानंही सोडायची. तेव्हा हरीण नाही, ससा नाही, फुलपाखरू नाही. (त्या खेळात फुलपाखरं पकडून पंख काढतात आणि औषधात घालतात. मी किंचाळलेच होते.) चोरी नाही. गावावर ड्रॅगन चालून आला, तर तेवढी विरोधी धरू.

मला वाटलं तो वैतागेल. त्याचे तर डोळे चमकले. "आज्जी, हे भारी आहे. असं खेळायला जास्त अवघड आहे."

आणि माझ्या लेखी त्या खेळाचं मोठेपण इथंच आहे. त्यानं आम्हाला आमचे नियम पाळू दिले. आज्जीचे नियम असतील, असं ते बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नसणार. तरी त्यात लांडगा अंगावर आला तर त्याला शांत करायचा एक मंत्र होता. तीस सेकंद तो प्राणी भांडत नाही, तेवढ्यात आपण पळायचं. मंत्र जितका वापरावा, तितका मुरतो. त्या खेळात अठरा कसबं आहेत आणि सगळ्यांची रीत हीच: जे कराल, त्यातच हात बसेल. तलवार चालवणारा तलवारीत तरबेज, घासाघीस करणारा बोलण्यात. सुरुवातीला "मी योद्धा" असं कपाळावर लिहून घ्यावं लागत नाही. वागता वागता तुम्ही कोण ते ठरत जातं. आमचा नातू महिनाभरात शांत करण्यात तरबेज झाला, तलवारीत कच्चाच राहिला. मोठ्या प्राण्यांवर तो मंत्र चालत नाही, आणि थडग्यातून उठून येणाऱ्या मेलेल्यांवर तर नाहीच. तिथं आम्ही सरळ पळत होतो. मला त्याची काही लाज वाटली नाही.

आता बाजाराबद्दल. मी कॉमर्सची, माझं लक्ष तिकडे जाणारच. व्हाइटरन नावाचं गाव आहे, टेकडीवर वसलेलं, पेठ खाली, सरदाराचा वाडा वर. पेठेतला दुकानदार बेलेथोर. गोडबोल्या, सगळं विकणारा. पण त्याच्या गल्ल्यात रोकड साधारण ७५० मोहरांची. तुम्ही दोन हजारांचा माल नेलात तर तो म्हणणार, पैसे नाहीत. दोन दिवसांनी गल्ला पुन्हा भरतो. मला हे फार आवडलं. बाजारात पैसा अमर्याद असतो असं मुलांना वाटतं, आमच्या दुकानात सीझनला व्यापाऱ्यांचे चेक पुढच्या तारखेचे यायचे ते त्यांना कुठं माहीत! चोरलेला माल तर साधा दुकानदार घेतच नाही. चोरताना कुणी बघितलं नसलं तरी त्या वस्तूवर 'चोरीची' अशी खूण राहते. नातवानं मला एक युक्ती दाखवली, अट मोडायची नाही, फक्त गंमत म्हणून: दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घालायची, मग त्याला दिसत नाही आणि दुकान साफ करता येतं. मी हसून हसून बेजार. पण म्हटलं, बादली त्याच्या डोक्यावर, खूण मात्र तुझ्या पिशवीत.

आणखी एक. मांजरासारख्या तोंडाची एक जमात आहे त्यात, खाजीट. व्यापारी लोक, गावोगाव फिरणारे. पण त्यांना गावाच्या वेशीत घेत नाहीत. कोटाबाहेर तंबू ठोकून बसायचं. सगळे त्यांच्याकडून माल घेणार आणि पाठीमागे त्यांनाच चोर म्हणणार. उत्तरेकडे विंडहेल्म नावाच्या शहरात दुसऱ्या एका जमातीला अशाच घाण गल्लीत ठेवलंय. आणि तिथलाच राजा म्हणे स्वातंत्र्यासाठी लढतोय. नातवाला मी विचारलं, मग बरोबर कोण? तो म्हणाला, ते खेळ सांगत नाही, आपण ठरवायचं. आम्ही त्या यादवी युद्धात पडलोच नाही. ज्यांनी पाडून बघितलंय ते म्हणतात, त्याचा शेवट पोकळ आहे.

उणिवा खूप आहेत, लपवत नाही. चार-चार माणसांचा आवाज एकच. घोडा उभ्या कड्यावर पाल चढावी तसा चढतो. पहारेकरी जो भेटेल तो तेच सांगतो, की मी पण पूर्वी तुमच्यासारखा हिंडायचो, मग गुडघ्यात बाण लागला. पहिल्यांदा मला त्याची दया आली, कारण गुडघ्यांचं दुःख मला कुणी सांगायला नको. दहाव्यांदा ऐकल्यावर म्हटलं, ह्या गावात बाण गुडघ्यालाच कसे लागतात? तेव्हापासून मी खुर्चीतून उठताना नातू विचारतो, "आज्जी, बाण?"

याच मालिकेतला १९९६ चा एक खेळ आहे, डॅगरफॉल. त्यातला प्रदेश म्हणे ग्रेट ब्रिटनएवढा आणि गावं-ठिकाणं पंधरा हजारांवर, बहुतेक संगणकानं आपोआप रचलेली. स्कायरिम त्याच्यापुढे एखाद्या तालुक्याएवढंही नसेल. पण इथं कुणीतरी हातानं मांडलंय, हे जाणवतं. ओसाड झोपडीत शिरावं, तर टेबलावर अर्धी भाकरी, शेजारी वही, वहीत शेवटची नोंद. कुठली गोष्ट घडून गेली, ते आपण जोडायचं. शेकडो पुस्तकं आहेत, खरोखर वाचता येणारी. दुकानदार रात्री दुकान लावतात, झोपतात. तुम्ही बघत असा, नसा, नदी वाहते. रात्री आकाशात हिरव्या ज्योती हलतात, तेव्हा संगीतही हळू होतं. आम्ही पुष्कळदा काही न करता नुसते चालायचो. खाणावळीत आमचं एक ठरलेलं जेवण होतं, कोबी आणि सफरचंदाचा रस्सा. त्यात कोबी, सफरचंद, मीठ एवढंच. भाज्यांचा दुसरा एक रस्सा होता, पण त्यात बटाटा निघाला. चातुर्मासात कोबी चालतो का, यावर मात्र मी डोळेझाक केली.

ओझ्याचं सांगायचं राहिलं. त्या खेळात माणसाला सुरुवातीला ३०० इतकं वजन पेलतं. किलो की पौंड, ते लिहिलेलं नाही. ३०० च्या वर एक जरी झालं, की पळता येत नाही, पाय ओढत चालायचं, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी चटकन जाण्याची सोय बंद. लिडिया नावाची एक शूर बाई सोबतीला असते, ती ओझं घेते, पण कुरकुरत. नातवाला सवय, दिसेल ते उचलायचं. चमचे, रिकाम्या बाटल्या, फाटकी पुस्तकं. मग अडकला की टाकायला जीव होत नाही. एकदा असाच बर्फात पाय ओढत चालला होता. मी म्हटलं, "अरे, टाक ना ते. काय करायचंय चमच्यांचं?"

तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "तू आजोबांचे शर्ट टाकलेस?"

मी गप्प. ह्यांचे बावीस शर्ट कपाटात होते, इस्त्रीसकट. सहा महिने मी ते कपाट उघडलं नव्हतं. अपरिग्रहावर याच पानावर मी दोन लेख लिहिलेत, हेही तुम्हाला आठवत असेल. त्या रात्री आम्ही कपाट उघडलं. अठरा शर्ट अनाथाश्रमात देण्यासाठी बांधले. दोन त्यानं घेतले. दोन अजून माझ्याकडे आहेत. तेवढं पेलतं.

आता पायऱ्या. प्रांतातल्या सगळ्यात उंच डोंगरावर एक मठ आहे, तिथं दाढीवाले वृद्ध साधू मौन पाळून राहतात. वर जायला सात हजार पायऱ्या, निदान नावाला. (कुणीतरी मोजल्यात, तेवढ्या भरत नाहीत. मोजणारा आपल्यापैकीच असणार.) पायथ्याच्या गावात एक जण शिध्याची पिशवी देतो, साधूंसाठी वर नेऊन ठेव म्हणतो. आत सुकी मासळी निघाली, मी कानावर हात ठेवले. वाटेत दहा ठिकाणी कोरलेले दगड आहेत. नातू प्रत्येक दगडापाशी थांबून वाचायचा आणि मला मराठीत सांगायचा. बाहेर आषाढाचा पाऊस, आत टीव्हीवर बर्फ. मी त्याला आमच्या शिखरजीच्या वंदनेचं सांगत होते. नऊ किलोमीटर चढ, वर टोकांची नऊ किलोमीटरची फेरी, परत नऊ उतार. त्याच्या आजोबांनी शेवटच्या टप्प्यात माझी पिशवी घेतली आणि स्वतःची डोलीवाल्याला दिली, म्हणजे मला कळू नये की दमलेत.

तेव्हा तो बोलला. माझ्याकडे न बघता, हातातली बटणं चालू ठेवून. गणिताचा पेपर त्यानं कोरा ठेवला होता. अभ्यास झाला होता. पहिलं उदाहरण करायला घेतलं, गुणाकार आला, आणि आजोबांनी लहानपणी पाठ करून घेतलेली पावकी-निमकी आठवली. मग पुढं पेनच उठेना. तीन तास तसाच बसला. बाहेर येऊन बाबांना म्हणाला, बरा गेला. निकालानंतर बाबा गेमला नावं ठेवायला लागले, तेव्हा त्याला बरंच वाटलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

खेळात त्या वेळी तो एका मोठ्या पांढऱ्या राक्षसापासून पळत होता, तेवढं मला आठवतं. पळून वाचला. मी काहीच उपदेश केला नाही. उपदेश करून चार दिवस वाया गेलेले होते. म्हटलं, "बाळा, मला पण अजून दुकानाची वही उघडवत नाही." आणि आम्ही मठाच्या दारापर्यंत चढलो.

त्या मठाच्याही वर, शिखरावर, एक म्हातारा ड्रॅगन राहतो. नाव पार्थर्नाक्स. माझ्या तोंडी ते बसेना, मी त्याला पार्थच म्हणायचे. जग बुडवणाऱ्या त्या मोठ्या ड्रॅगनचा हा एकेकाळचा जोडीदार. फार पूर्वी त्यानं माणसांवर अनन्वित जुलूम केलेत, ते तो स्वतः कबूल करतो. मग तो फिरला, माणसांना विद्या शिकवली, त्यांच्या बाजूनं उभा राहिला. तेव्हापासून हजारो वर्षं बर्फात एकटा ध्यान करतोय, कारण क्रौर्य हा त्याचा उपजत स्वभाव आहे आणि रोज तो आवरावा लागतो. तुमच्याशी तो अगदी हळू, थांबत-थांबत बोलतो. मुळात चांगलं असणं श्रेष्ठ, की वाईट स्वभावावर कष्टानं मात करणं श्रेष्ठ, असं विचारतो. मी पोळ्यांचं पीठ मळत होते, तशीच हात घेऊन बाहेर आले.

मला महावीर भगवंतांच्या पूर्वभवातला सिंह आठवला. पंजात हरीण धरलेलं, आणि आकाशमार्गानं जाणारे दोन मुनी त्याच्यासाठी खाली उतरले. उपदेश ऐकताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं हिंसा सोडली. सिंहाला मांस सोडणं म्हणजे अन्नच सोडणं. नातवाला ही गोष्ट माहीत नव्हती. पाठशाळेत झाली असणार, पण तेव्हा त्याचं लक्ष नसेल.

पुढं एका टप्प्यावर ड्रॅगन मारणाऱ्यांची एक जुनी संघटना अडून बसते. पार्थर्नाक्सला मार, नाहीतर आम्ही तुला मदत करणार नाही. त्यांचंही अगदी खोटं नाही, त्याच्या हातून मेलेल्यांचा हिशेब चुकता झालेला नाही. मारलं तर साधू तोंड फिरवतात. नाही मारलं तर हे लोक फिरवतात. कामांच्या यादीत एक ओळ येते: पार्थर्नाक्सला मारा.

नातवानं यंत्र मांडीवर ठेवलं. "आज्जी, काय करू?"

"चार प्रकार सांगितलेत ना मी तुला?"

"अंगावर तर तो येत नाही आपल्या," तो म्हणाला. "म्हणजे विरोधी नाही." थोडा वेळ विचार करून म्हणाला, "पण त्यानं केलेलं होतंच ना, आज्जी? ते पुसलं जातं का?"

मी खतावणी लिहिणारी बाई. पुसलं जातं, असं मला म्हणता आलं नाही. कर्म भोगावंच लागतं, नाहीतर तपानं झिजवावं लागतं. म्हटलं, "तो झिजवतोय. बस एवढंच दिसतंय आपल्याला."

त्यानं त्या लोकांना नकार दिला. कुठं घंटा वाजली नाही, बक्षीस नाही, तू बरोबर वागलास असं कुणी म्हणालं नाही. ते लोक तोंड फिरवून बसले, तसेच बसून राहिले. खेळाची मुख्य गोष्ट त्यांच्याशिवाय पुढं गेली. तो मोठा ड्रॅगन मरायच्या वेळी मी देवळात होते, दशलक्षणाचे दिवस होते, मला त्यात रस पण नव्हता. नातवानं एवढं सांगितलं, की शेवटी पार्थ उडाला आणि उरलेल्या ड्रॅगनना आपला मार्ग शिकवायला निघाला.

त्यानंतर त्यानंच पुण्याला फोन लावला आणि कोऱ्या पेपरचं वडिलांना सांगितलं. मी मुद्दाम मागच्या अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं, पावसात. मुलगा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. दोघं काय बोलले, मी विचारलं नाही. या फेब्रुवारीत तो गणिताला पुन्हा बसला. पहिल्याच पानावर पावकी लिहिली म्हणे, कच्च्या कामात, आणि मग सुटला.

उन्हाळ्यात आठ दिवस आला होता. लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला आणि म्हणाला, आज्जी, तू चालव. मला ती बटणं जमत नाहीत, माझा माणूस भिंतीलाच तोंड लावून चालत राहतो. तरी आम्ही शिखरावर गेलो. बर्फ पडत होता, पार्थ त्याच्या दगडावर बसला होता. नातवानं कामांची यादी उघडून दाखवली. सगळी कामं पुरी झालेली, तेवढी एक ओळ तशीच. ती कधीच खोडली जात नाही म्हणे, मारल्याशिवाय. मला आयुष्यभर येणं-बाकी राहिलेली नोंद बघवत नाही, वर्षअखेरीला मी ती निकाली काढतेच.

"राहू दे," मी म्हटलं. "आणि तो कोबी घेतलास का वाटेत?"